आधी रंग ठरवा, मग एअरब्रश घ्या

ताईंनो, गणपतीच्या मूर्तीच्या गालावरची गुलाबी छटा नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे बोट ठेवून सांगता येतं का? नाही येत. ती हळूहळू अंगाच्या रंगात मिसळून जाते. सोंडेच्या वळ्या, पोटाची गोलाई, बोटांच्या बेचक्या या सगळ्याला अशीच छटा दिलेली असते. कारखान्यात त्याला ‘शेडिंग’ म्हणतात. कुंचल्याने हे काम करायला वर्षानुवर्षं बसलेला हात लागतो. एअरब्रशने तेच काम लवकर शिकता येतं आणि भराभर होतं.

रायगड जिल्ह्यात पेण शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. तिथल्या रंगकामात बायकांचा मोठा वाटा असतो. आता इतर ठिकाणचे बचत गटही शाडूच्या मूर्ती, दिवाळीच्या पणत्या, मातीच्या कुंड्या रंगवायला लागलेत. त्यामुळे गटाच्या बैठकीत ‘एअरब्रशचा सेट घ्यायचा का?’ हा प्रश्न हमखास निघतो.

घ्यायला हरकत नाही. पण बहुतेक ठिकाणी गाडी उलटी चालते. आधी दुकानात जाऊन दिसेल तो सेट आणायचा आणि मग घरात असेल तो रंग त्यात ओतायचा. दोन दिवसांत नोझल तुंबतं, सेट पेटीत जातो आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावा लागतो. म्हणून या लेखात एकच गोष्ट नीट समजून घेऊ: कोणत्या रंगाला कोणतं यंत्र चालतं. ही जोडी जमली की अर्धं काम झालं.

एअरब्रश चालतो कसा?

एअरब्रश म्हणजे पेनाएवढी छोटी फवारणी. त्याच्या टोकाला बारीक भोक असतं, त्याला नोझल म्हणतात. त्या भोकात एक सुई बसवलेली असते. सुई पुढे असली की भोक बंद. मागे ओढली की भोक उघडतं आणि रंग येतो. बाजूने जोराची हवा जाते, ती रंगाचे बारीक तुषार करून पुढे उडवते. शेतात औषध फवारायचा पंप पाहिलाय ना? तत्त्व तेच, फक्त इथे धार केसाइतकी बारीक करता येते.

यात दोन प्रकार येतात. एका प्रकारात खटका दाबला की हवा आणि रंग एकदमच येतात. रंग किती यावा ते मागचा स्क्रू फिरवून आधीच ठरवावं लागतं. दुसऱ्या प्रकारात खटका खाली दाबला की हवा येते आणि तोच खटका मागे ओढला की रंग येतो. जितका ओढाल तितका रंग. शेडिंगसाठी हा दुसरा प्रकार घ्यावा. त्याला दुकानात ‘ड्युअल अ‍ॅक्शन’ म्हणतात. सुरुवातीला आठ-दहा दिवस बोट अडखळतं, नंतर शिलाई मशीनच्या पायपट्टीसारखी सवय होते.

रंगाची वाटी वरच्या बाजूला असलेला एअरब्रश थोड्या रंगात आणि कमी हवेत चालतो. बाटली खाली लटकणाऱ्या प्रकारात हवेला रंग खालून वर ओढावा लागतो, म्हणून दाब जास्त लागतो. पण एकाच रंगात पुष्कळ नग करायचे असतील तर बाटली सोयीची, सारखं भरावं लागत नाही.

रंगाचा दाणा आणि नोझलचं भोक

आता मुद्द्याचं. प्रत्येक रंगात बारीक दाणे असतात. काही रंगांचे दाणे मैद्यासारखे, काहींचे रव्यासारखे. रव्याच्या चाळणीतून मैदा जाईल, पण मैद्याच्या चाळणीतून रवा जाणार नाही. नोझलचंही तसंच. नोझलवर ०.२, ०.३, ०.५ असे आकडे असतात. हे भोकाचं माप, मिलिमीटरमध्ये.

एअरब्रशसाठीच तयार मिळणारे रंग आणि शाई: दाणा सर्वात बारीक. ०.२ किंवा ०.३ चं नोझल चालतं. डोळ्यांभोवतीची छटा, बोटांच्या रेषा यांसाठी उत्तम. रंग महाग पडतो, पण लागतोही थोडाच.

बाटलीतले साधे अ‍ॅक्रिलिक रंग: पातळ करून आणि गाळून ०.३ ते ०.५ मध्ये चालतात. नवीन शिकणाऱ्यांनी ०.५ नेच सुरुवात करावी. वाळल्यावर हा रंग पाण्याने निघत नाही. मूर्तीवर ही चांगली गोष्ट, पण नोझलमध्ये वाळला तर तीच डोकेदुखी.

पोस्टर कलर: गाळून ०.५ मध्ये चालतो. वाळल्यावरही पाणी लागलं की सुटतो, म्हणून यंत्र धुणं सोपं. मात्र ओला हात लागला की मूर्तीवरूनही रंग जातो, हे लक्षात ठेवा.

सोनेरी, चंदेरी आणि मोतिया रंग: यात चकचकीत अभ्रकाचे किंवा धातूचे चपटे कण असतात. बारीक नोझलमध्ये ते आडवे अडकतात. ०.५ किंवा त्याहून मोठं नोझल लागतं. शिवाय हे कण तळाशी बसतात, म्हणून काम करताना रंग अधूनमधून ढवळावा लागतो.

गेरू, पिवळी माती असे नैसर्गिक रंग: दाणा जाड आणि कमी-जास्त असतो. थेट पाण्यात कालवून ओतले तर पाच मिनिटांत नोझल बंद. त्यांची वेगळी तयारी लागते, ती पुढे सांगितली आहे.

डिस्टेंपर आणि भिंतीचा पांढरा रंग: यात खडूसारखी भुकटी भरपूर असते. हा रंग एअरब्रशमध्ये घालूच नका. मूर्तीचा पहिला पांढरा हात द्यायला साधा ब्रश किंवा मोठ्या भोकाची स्प्रे गन वापरा. छोट्या गनला ०.८ ते १.० आणि मोठ्या गनला १.४ च्या आसपासचं नोझल येतं. छोट्या गनमध्ये घालायचा तर रंग बराच पातळ करून आणि दोनदा गाळूनच घाला.

आता विचार करा. तुमच्या गटाचं मुख्य काम जर पांढरा हात आणि अंगाचा रंग देण्याचं असेल, तर ०.२ चा एअरब्रश घेऊन काय उपयोग? आणि काम जर शेडिंगचंच असेल, तर मोठी गन घेऊन रंगच वाया जाणार. म्हणून आधी रंगांची यादी करा, मग नोझल ठरवा, मग यंत्र.

नैसर्गिक रंगाची तयारी: कुरडईच्या चिकासारखी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मूर्तींसाठी पाण्यातले, विषारी नसलेले, नैसर्गिक रंग वापरण्यावर भर आहे. शाडूच्या मूर्तीला असे रंग मागणारी गिऱ्हाइकंही भेटतात. पण एअरब्रशमधून ते जायचे तर दाणा बारीक करायला हवा.

कुरडईसाठी गव्हाचा चीक कसा निवळत ठेवतो, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. इथेही तेच करायचं. गेरूची पूड भरपूर पाण्यात ढवळा. चार-पाच मिनिटं थांबा. जाड कण आणि रेती खाली बसेल. वरचं रंगीत पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता, खालचा गाळ टाकून द्या. हे दोनदा करा. मग ते रंगीत पाणी रात्रभर ठेवा. सकाळी वर नितळ पाणी येईल, ते काढून टाका. तळाशी राहील तो लोण्यासारखा मऊ रंग. त्यात बाभळीच्या डिंकाचं गाळलेलं पाणी मिसळा. डिंक नसेल तर वाळल्यावर रंग हाताला लागतो. डिंक जास्त झाला तर पापुद्रे सुटतात आणि नोझलही चिकटतं. म्हणून आधी मातीच्या तुकड्यावर लावून, वाळवून, बोट घासून बघा.

हळदीबद्दल दोन गोष्टी. हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो, म्हणून अशी मूर्ती सावलीत ठेवा. आणि चुन्याच्या पांढऱ्यावर हळद मारली तर ती लालसर होते. हळदीला चुना लागला की लाल होतं, त्यातूनच तर पूर्वी घरी कुंकू करायचे. पितांबर पिवळं हवं असेल तर खालचा हात चुन्याचा नको.

रंग किती पातळ, दाब किती?

रंग साय काढलेल्या दुधाइतका पातळ हवा. ओळखायचं कसं? वाटीच्या आतल्या बाजूला एक थेंब सोडा. थेंब सहज खाली ओघळला आणि मागे पातळसा थर राहिला, की रंग बरोबर. तिथेच चिकटून बसला तर घट्ट. पाण्यासारखा पळाला आणि मागे काहीच राहिलं नाही तर फार पातळ.

बाटलीतल्या अ‍ॅक्रिलिकला सुरुवातीला एक भाग रंग, एक भाग पातळ करायचं द्रावण असं प्रमाण धरा आणि मग थेंबाथेंबाने जमवा. नुसतं पाणी फार घातलं तर रंगाची पकड जाते. त्याच कंपनीचं द्रावण मिळालं तर ते घ्या. पातळ केलेला प्रत्येक रंग वाटीत जाण्याआधी मलमलीतून किंवा जुन्या नायलॉनच्या कापडातून गाळायचाच. या एका सवयीने निम्मे बिघाड टळतात.

हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात. कॉम्प्रेसरच्या काट्यावर तो दिसतो. बारीक कामाला आणि पातळ शाईला १५ ते २० पुरतो. अ‍ॅक्रिलिकने शेडिंग करायला २० ते ३०. मोतिया किंवा जाडसर रंगाला ३० ते ४०. रंग येत नाही म्हणून दाब वाढवत जाऊ नका. आधी रंग पातळ आहे का आणि नोझल मोकळं आहे का ते बघा.

कॉम्प्रेसर घेताना

तीन गोष्टी बघा. एक, हवेची टाकी आहे का. टाकी नसेल तर काही कॉम्प्रेसरची हवा धडधडत येते आणि रेषेत ठिपके उमटतात. दोन, दाब कमी-जास्त करायचा नॉब आणि काटा आहे का. तीन, पाणी अडवणारा फिल्टर आहे का.

तिसरी गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. गणपतीचं रंगकाम ऐन पावसाळ्यात चालतं. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं. ते रंगाबरोबर मूर्तीवर पडलं की डाग उठतो. म्हणून फिल्टर हवा, आणि रोज काम संपल्यावर टाकीच्या खालची चकती उघडून पाणी काढून टाकायला हवं.

आणखी एक. एअरब्रशचा छोटा कॉम्प्रेसर स्प्रे गनला पुरत नाही. गनला कितीतरी जास्त हवा लागते. दोन्ही कामं करायची असतील तर गनला पुरेल असा मोठा कॉम्प्रेसर घ्या आणि एअरब्रशसाठी दाब कमी करा. उलटं जमत नाही.

हात कसा चालवायचा?

मूर्ती पूर्ण वाळलेली हवी. कच्च्या शाडूला पाणी सोसत नाही. एकाच वेळी ओला थर दिला तर माती मऊ पडते, कधी तडा जातो. म्हणून पातळ थर द्या, तो वाळू द्या, मग दुसरा. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, पंख्याची हवा लांबून द्या.

खटका वापरताना क्रम पाठ करा: आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हात हलायला लागल्यावर रंग सोडायचा आणि हात थांबायच्या आधी बंद करायचा. असं केलं की सुरुवातीला आणि शेवटी थेंब पडत नाही. बारीक कामाला टोक दोन ते पाच सेंटिमीटरवर, पसरट छटेला दहा ते पंधरा सेंटिमीटरवर धरा.

छटा फिक्यापासून गडदाकडे न्या. एका झटक्यात गडद रंग मारू नका. गडद झालेलं फिकं करता येत नाही. शेडिंग झाल्यावर दागिने, किनार आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी कुंचल्यानेच चांगली होते, तिथे एअरब्रशचा हट्ट नको.

मूर्तीवर जाण्याआधी जुन्या वर्तमानपत्रावर सराव करा. आधी ठिपके, मग रेषा, मग एकीकडे गडद आणि दुसरीकडे विरत जाणारा पट्टा. पट्टा सारखा जमला की मग फुटकी पणती, मग मूर्ती.

काय बिघडलं ते असं ओळखा

• कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरतात: रंग फार पातळ, टोक फार जवळ किंवा दाब जास्त.
• पृष्ठभाग खरखरीत, भुकटी बसल्यासारखा: टोक लांब आहे, रंग वाटेतच वाळतो.
• रंगाचे शिंतोडे उडतात: रंग घट्ट, दाब कमी किंवा सुईच्या टोकावर रंग वाळलेला. ओल्या कापडाने टोक पुसा.
• वाटीत बुडबुडे येतात: नोझल तुंबलंय, सैल बसलंय किंवा चिरलंय.
• हवा येते, रंग येत नाही: नोझल बंद आहे किंवा रंग घट्ट आहे.
• रेष कायम एका बाजूला जाते: सुईचं टोक वाकलंय.

सुई हीच या यंत्राची जीवनरेखा. एकदा खाली पडली तरी टोक वाकतं. सेट घेताना एक जास्तीची सुई आणि नोझल घेऊन ठेवा. ती त्याच मापाची हवीत. ०.३ ची सुई ०.५ च्या नोझलला चालत नाही.

धुणं उद्यावर टाकू नका

रंग बदलताना वाटी रिकामी करा, पाणी घाला, नितळ पाणी येईपर्यंत फवारा. मग टोकावर कापड धरून हलकेच खटका दाबा. हवा उलटी जाऊन वाटीत बुडबुडे येतील आणि अडकलेला रंग वर येईल. दिवस संपल्यावर सुई काढून, मागून टोकाकडे अशी ओल्या कापडाने पुसा. अ‍ॅक्रिलिक वाळून बसला असेल तर त्याचा क्लीनर लागतो, नुसत्या पाण्याने तो सुटत नाही. टाचणीने नोझल कोरू नका, भोक मोठं होतं. दहा मिनिटांचं हे काम टाळलं की दुसऱ्या दिवशी दोन तास जातात.

श्वासाचा हिशोब आधी

ताईंनो, फवाऱ्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण छातीत जातात. रंग पाण्याचा असो, नैसर्गिक असो, हवेत उडाला की धूळच. पदर तोंडाला बांधून भागत नाही. चांगला, नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. दार-खिडक्या उघड्या ठेवा. पंखा असा लावा की हवा तुमच्याकडून बाहेर जाईल.

थिनरचे रंग घरात फवारू नका. थिनरच्या वाफेला एन-९५ अडवत नाही. त्याला वाफ शोषणारा वेगळा मास्क लागतो. वाफ पेटही घेते. चूल, देवासमोरचा दिवा, मोटरची ठिणगी, कशानेही. शिवाय थिनरने एअरब्रशमधले रबराचे वॉशर फुगतात. गटाच्या घरगुती कामाला पाण्याचाच रंग बरा.

सुटी पूड घेताना तिच्यात काय आहे ते विचारा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असा २०१६ चा केंद्राचा नियम आहे. ज्या पाकिटावर काहीच छापलेलं नाही, ते फवारणीत वापरू नका. लहान मुलं आणि गरोदर बाई फवारणीच्या खोलीत नको, आणि त्या खोलीत खाणं-पिणं नको.

पैशाचा कागद

शेवटी कर्ज. एक उदाहरण मांडून बघू. समजा, सेट आणि कॉम्प्रेसर मिळून १२,००० रुपये झाले. गटातून दरमहा शेकडा १ रुपया व्याजाने, दहा महिन्यांत फेडायचं कर्ज घेतलं. दर महिन्याला १,२०० मुद्दल आणि शिल्लक रकमेवर व्याज. दहा महिन्यांत व्याज होतं ६६० रुपये. म्हणजे एकूण १२,६६०. शेडिंगमुळे एका मूर्तीमागे रंग आणि वीज वजा जाता ४० रुपये जास्त मिळत असतील, तर ३१७ मूर्ती झाल्यावर सेटचे पैसे फिटतात.

आता आपल्याकडे वर्षाला १०० मूर्तींचं काम असेल तर? तीन वर्षांहून जास्त लागतील, आणि हप्ता मात्र दहा महिन्यांत संपवायचाय. मग दोन मार्ग आहेत. एक, दोन-तीन गटांनी मिळून ग्रामसंघामार्फत एकच सेट घ्यायचा आणि दिवस वाटून घ्यायचे. दोन, गणपतीनंतर पणत्या, कुंड्या, नवरात्राचे घट असं काम जोडून सेट वर्षभर चालता ठेवायचा. खरेदीआधी एक हंगाम भाड्याने किंवा ओळखीच्या कारखान्यात हात बसवता आला तर सगळ्यात उत्तम. आकडे तुमचे घाला, पण कागद मांडल्याशिवाय ठराव करू नका.

पुढच्या बैठकीत या प्रश्नांवर बोला

१. आपण कोणत्या वस्तू रंगवतो आणि त्यासाठी कोणते रंग वापरतो?
२. त्यातले एअरब्रशमधून जाणारे किती, आणि कोणत्या मापाच्या नोझलमधून?
३. वर्षात किती नग होतील आणि एका नगामागे किती जास्त मिळतील?
४. यंत्र कुणाकडे राहील, कोण धुईल, सुई मोडली तर खर्च कुणाचा?
५. मास्क आणि मोकळ्या हवेची सोय कुठे आहे?

या पाचही प्रश्नांची उत्तरं इतिवृत्तात लिहून झाली, की मग दुकानात जा. दुकानदाराने ‘कोणता देऊ?’ विचारलं की तुमच्या हातात रंगांची यादी आणि नोझलचं माप असेल.